एक एकर ब्रेक

“समोरच्या दोन डिस्क अन पॅडचा सेट. २२ हजार पडन भाऊ,” दुकानदार म्हणाला. मी घासाघिशीसाठी घसा साफ करतो न करतो तोच मागून आवाज आला, “कायचे?”

मागे काका होते. पण आधी गाडीचं उरकून घेतो. जुनी ऑक्टाव्हिया आरएस, टर्बोवाली, अर्थातच सेकंडहँड. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना ब्रेक दाबला की स्टीअरिंग हुडहुडी भरल्यासारखं थरथरायचं. गावच्या मेकॅनिकने चाक काढून डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि पॅडने दाबून धरायच्या लोखंडी चकतीला, जाडी मोजायचा व्हर्नियर लावला आणि “लय माल हाय अजून” असा निकाल दिला. लावला होता पार कडेला. कडेपर्यंत पॅड पोचतच नाही, म्हणून जुन्या डिस्कला तिथे काठ उभा राहतो आणि व्हर्नियरचे जबडे नेमके त्या काठावर बसतात. आतली झीज मोजायला मायक्रोमीटर लागतो. किमान जाडी किती हवी ते डिस्कवरच कोरलेलं असतं, गंज पुसला की दिसतं. पण आमच्याकडे गंज पुसायची पद्धत नाही. म्हणून अंजनगाव.

अंजनगाव सुर्जी म्हणजे तेच, जिथे ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला आणि दिल्ली-आग्र्यावर पाणी सोडलं. इथे व्यवहाराला बसलेला माणूस काहीतरी गमावूनच उठतो, हा या मातीचाच गुण असावा. माझ्याकडे निदान आग्रा तरी नव्हतं.

तर काका. ट्रॉलीची पिन घ्यायला आले होते. पिन घेऊन झाली होती, पैसे देऊन झाले होते, पिन पिशवीत गेली होती. उठायचं सोडून ते ऑइलच्या उपड्या डब्यावर आणखी ऐसपैस बसले.

“ब्रेकचे,” मी म्हटलं.

“गाडी धरून?”

“नाही, नुसत्या ब्रेकचे.”

“अन गाडी?”

“गाडी आहे माझ्याकडे.”

“चालते?”

“चालते.”

“मंग!”

या ‘मंग’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांनी काउंटरवरच्या पोराला सोयाबीनचा हमीभाव विचारला. पोराने मोबाइलात बघून २०२५-२६ चा सांगितला, ५,३२८. “थो कागदावरचा,” काका म्हणाले. “म्या चार हजार शंभरनं इकलं. आता कर भागाकार.” पोराने खरोखर केला. साडेपाचला थोडं कमी क्विंटल.

“मले यंदा एकरी पाच झालं,” काका दुकानात बसलेल्या सगळ्यांना उद्देशून म्हणाले. “म्हंजे गाडी थांबवाले एक एकर अन वरून धुरा!”

दुकानात जे हसू पिकलं त्यात दुकानदारही होता. ज्याचं पोट ब्रेक विकण्यावर चालतं, तो!

“पयते किती?”

“दोनशेच्या वर.”

“कुठी?”

आता अंजनगाव ते दर्यापूर रस्त्यावर दोनशे कुठी, हे मी तरी काय सांगणार? “कुठी नाही,” म्हटलं.

“मंग हळू चालवा न. ब्रेक लागतच नाई.” आणि लगेच शकुंतला रेल्वे काढली. “इथूनच जाये. मूर्तिजापूर ते अचलपूर. कोनी हात दाखोला का उभी. तिच्या ब्रेकले कोनी २२ हजार देल्ले का? आता तं कायमचीच उभी हाय.”

मी दुकानदाराकडे वळलो. त्याने स्वस्तातला पर्याय म्हणून भोकंवाली डिस्क काढली, चकाकती, खोक्यावर ज्वाळा. १४ हजार. “हे रेसिंगवाली हाय.” रेसिंगवाले डिस्क फेकायला मोकळे असतात, हे त्याला कोण सांगणार. हलक्या बिडाच्या डिस्कला भोकं पाडली की तापून-निवून त्या भोकांपासूनच तडे जायला लागतात. रस्त्यावरच्या गाडीला साधी, आतून हवा खेळती ठेवणारी, बिन-भोकांची डिस्क घ्यावी आणि वाचलेले पैसे चांगल्या पॅडला आणि नव्या ब्रेक ऑइलला द्यावेत. ते ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, मग घाटात तापलं की उकळतं आणि पेडल खाली जातं. खोक्यावरच्या ज्वाळांचा तिथे काही उपयोग नाही.

मापाचं वेगळंच. या घराण्यातल्या गाड्यांना समोर २८८ मिलिमीटरची डिस्क असते, ३१२ चीही असते. आपली कोणती, ते स्टेपनीच्या खड्ड्यातल्या स्टिकरवरच्या कोडवरून कळतं. मी स्टिकरचा फोटो दाखवला. दुकानदाराने फोटो न बघता सांगितलं, “बसते. नाई बसली तं घासून बसवू.”

घासून. ब्रेक.

शेवटी मी काकांनाच समजवायला गेलो, का गेलो कोण जाणे. म्हटलं, बहुतेक वेळा डिस्क वाकत नाही, पॅडचा माल तिच्यावर कमीजास्त चिकटतो, जाडीत केसाहून बारीक फरक पडतो, म्हणून थरथर होते. काकांनी शांतपणे ऐकलं. “म्हंजे डिस्क चांगली हाय, वरून मयली हाय. सोड्यानं धुऊन पाहा न!”

पुन्हा हशा.

हसा. पण एका लग्नात डीजेला किती गेले ते कोणी एकरात मोजत नाही. क्विंटलमागे बाराशे रुपये ज्याने कापले, त्याच्यासमोर काकांच्या तोंडून ‘मंग!’ निघाला नसणार. तो सगळा माझ्या ब्रेकसाठी राखून ठेवला होता. आणि ब्रेक मला शर्यतीला लागत नाहीत. ते लागतात गतिरोधकांना. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणते की गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. आमच्याकडे ज्याच्या घरासमोर मुरूम पडला तो इंजिनिअर. ना पट्टे, ना पाटी, रात्री अंगावरच येतो. त्यासाठी माझी एकरभर सोयाबीन झिजते, आणि माझी तर शेतीही नाही.

डिस्क अमरावतीहून मागवल्या, साध्या, बरोबर मापाच्या, पॅडसकट १३ हजारांत. तेवढ्यात काकांनी माझा नंबर घेतला होता. जुन्या डिस्क त्यांना विहिरीवरच्या टिनावर ठेवायला हव्या होत्या, वाऱ्याने उडतं म्हणून. तेव्हापासून माझ्यापेक्षा त्यांनाच पार्सलची घाई. सकाळी सकाळी फोन, “आली का?”

काल मेकॅनिककडे चाकं उघडी होती आणि काका मोटरसायकलवर पोतं टाकून हजर. दोन्ही डिस्क उचलल्या, हातात तोलल्या, बोट फिरवून पाहिलं. तोंड वाकडं केलं.

“घासल्या हायेत भाऊ. वजन नाई रायलं यायच्यात. नव्यातली एक नसती जमली?”