पुस्तक कानाने वाचलं म्हणून लेखक लुटला जात नाही

‘ई-पुस्तक विकत घेतलं म्हणजे ते वाचायचा हक्क मिळाला, ऐकायचा नाही. ऐकायचं असेल तर ऑडिओबुक वेगळं घ्या. मशीनने फुकटात वाचून दाखवणं हा लेखकाच्या कमाईवर दरोडा आहे.’ हा मजकूर लिहिणाऱ्यांच्या गटांत पुन्हा जोरात फिरतोय. तो पुढे पाठवणाऱ्यांत मी ज्यांना मानतो असे लेखकही आहेत, म्हणून मुद्द्याला मुद्दा धरून उत्तर देतो. मानधन बुडालं की काय होतं ते मलाही ठाऊक आहे. तरीही हा दावा मुळातच चुकलेला आहे.

‘मोठ्याने वाचणं हा वेगळा हक्क आहे, तो विकलेलाच नाही.’

हे जुनंच भांडण आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये ॲमेझॉनने किंडल २ हे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र आणलं आणि त्यात पुस्तक वाचून दाखवणारा संगणकी आवाज दिला. अमेरिकेतल्या ऑथर्स गिल्ड या लेखक-संघटनेचे कार्यकारी संचालक पॉल एकेन तेव्हा अगदी हेच म्हणाले होते. ॲमेझॉनचं उत्तर असं होतं की यात प्रत निघत नाही, मूळ कृतीवरून नवी कृती तयार होत नाही आणि सादरीकरणही होत नाही. त्या कंपनीची वकिली करायची मला हौस नाही, पण उत्तर बरोबर होतं.

अमेरिकेच्या कायद्यात लेखकाकडे राखलेला हक्क ‘जाहीर’ सादरीकरणाचा आहे. खोलीत एकट्याने इअरफोन लावून बसलेला माणूस जाहीर काय करतोय? बरं, नवी कृती म्हणावी, तर ती कुठेतरी उमटून राहिली पाहिजे. गॅलूब आणि निन्टेन्डो या कंपन्यांच्या खटल्यात १९९२ साली हाच प्रश्न आला होता. व्हिडिओ गेम चालू असताना त्यात तात्पुरते बदल करणारं उपकरण नवी कृती निर्माण करत नाही, असा निकाल अपील न्यायालयाने दिला. मशीनचा आवाज तर उच्चारला की विरला. मागे फाइल राहत नाही, दुसऱ्याला देण्यासारखं काही उरत नाही. उद्या कोणी तोच आवाज रेकॉर्ड करून विकायला काढला, तर ती चोरीच आहे, आणि तेव्हा मी या मंडळींच्या बाजूने भांडेन.

‘याने ऑडिओबुकचा बाजार बसेल.’

एक साधा प्रयोग करा. फोनला मराठी कथेचं एक पान वाचायला लावा आणि ‘च’, ‘ज’ कडे कान ठेवा. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च लिहिताना एकच, बोलताना वेगळा. ‘हे जग मोठं आहे’ आणि ‘तू मनासारखं जग’ यांतला ‘जग’ लिहायला तंतोतंत सारखा. आपण अर्थ कळून बोलतो, म्हणून जीभ आपोआप वळते. मशीन बऱ्याचदा अडखळतं. संवादात कोण रागावलंय आणि कोण समजूत काढतंय, हे तर पुढचंच. तळटीपेचा आकडा वाक्याच्या मध्येच मोठ्याने म्हटला जातो.

आवाज सुधारलेत आणि आणखी सुधारतील, हे मान्य. पण चांगला वाचक-कलाकार कथा समजून घेऊन ती सांगतो, आणि ऑडिओबुक घेणारा त्याचेच पैसे मोजतो. २००९ नंतरच्या दशकात फोनाफोनांत वाचून दाखवण्याची सोय आली आणि त्याच काळात अमेरिकेत ऑडिओबुकची विक्री वाढतच गेली. बाजार बसायचा तर तेव्हाच बसला असता.

‘अंधांसाठी वेगळी सवलत आहे की.’

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो. माझे वडील अंध म्हणून कुठे नोंदलेले नाहीत. त्यांच्या नजरेच्या मधोमध एक डाग आहे. कडेचं दिसतं, समोरचं अक्षर पुसट होतं. त्यांनी पैसे भरून ई-पुस्तक घेतलं, वाचून दाखवण्याचं बटण दाबलं, तर ते करडं, बंद. प्रकाशकाने त्या पुस्तकापुरती सोय काढून टाकली होती. त्यांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. ते अर्धा तास ते बटण दाबत होते.

अशा माणसाने आधी प्रमाणपत्र आणायचं का? डिस्लेक्सिया असलेल्या मुलाने काय करायचं? हात थरथरतो म्हणून पान धरता येत नाही, त्याचं काय? एप्रिल २००९ मध्ये न्यूयॉर्कला ऑथर्स गिल्डच्या कचेरीबाहेर अंध आणि इतर वाचकांनी निदर्शनं केली, ती याच रागातून. फुकट पुस्तकं त्यांनी मागितली नव्हती. आम्ही विकत घेतो, आम्हाला वाचू द्या, एवढंच म्हणणं होतं.

कायदाही हळूहळू त्यांच्याकडे वळला. २०१३ च्या मराकेश या आंतरराष्ट्रीय कराराने अंध आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी सुलभ प्रती काढायला वाट करून दिली. युरोपीय संघात २८ जून २०२५ पासून लागू झालेले सुलभतेचे नियम सांगतात की ई-पुस्तकावरच्या डिजिटल कुलपाने वाचून दाखवण्यासारख्या सोयी अडवता कामा नयेत.

‘निदान लेखकाला तरी ठरवू द्या.’

२००९ मध्ये ॲमेझॉनने दोन-अडीच आठवड्यांत माघार घेतली आणि आवाज ठेवायचा की नाही, हे पुस्तकागणिक हक्कधारकावर सोडलं. पण व्यवहारात ही कळ बहुतेकदा प्रकाशकाच्या हाती असते. किती लेखकांना आपल्या पुस्तकाचा आवाज चालू आहे की बंद, हे माहीत आहे?

खरी भीती वेगळी आहे, आणि ती रास्त आहे. प्रकाशक किंवा कोणी तिसराच, लेखकाला न विचारता एआयच्या आवाजात पूर्ण ऑडिओबुक बनवून विकेल, एखाद्या कलाकाराच्या आवाजाची नक्कल करून विकेल. तिथे भांडायला हवं. करारातलं ध्वनिहक्काचं कलम नीट वाचा. एआयच्या आवाजात ऑडिओबुक काढण्याआधी लेखी परवानगी आणि वेगळा मोबदला, हे त्यात स्पष्ट लिहून घ्या. आणि त्याच कागदावर पुढची ओळही घाला: वाचकाच्या यंत्रावरची वाचून दाखवण्याची सोय या पुस्तकापुरती बंद करू नये. माझ्या पुढच्या करारात या दोन्ही ओळी असतील.