पत्ते काय दर तीन महिन्यांनी बदलतात? बदलतात राव

आयटीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. न्यूयॉर्क सिटीची डेव्हलपर लोकांसाठी पत्ता शोधायची एक सर्व्हिस आहे, जिओक्लायंट, आणि तिच्या पोटात प्रत्यक्ष शोध घेणारं सॉफ्टवेअर म्हणजे जिओसपोर्ट. ते वर्षातून चारदा नवीन रिलीज (ताज्या डेटाची नवी आवृत्ती) काढतात, म्हणजे लोकांच्या टॅक्सची उधळपट्टी करतात असं त्या मेसेजचं म्हणणं. मुद्दे चार: पत्ते बदलतच नाहीत, गूगल मॅप्स आहे तर हे कशाला, सरकारी माल म्हणजे जुनाट, आणि अपडेट आलं की चालू कोड मोडतो. शेवटच्यात थोडा दम आहे, बाकीच्यांत फारसा नाही.

"पत्ते बदलत नाहीत." दारावरची पाटी बदलत नसेल हो, पण त्या पाटीमागचं सगळं हलत असतं. बिल्डिंग पडते, नवी उभी राहते, दोन प्लॉट एक होतात, एकाचे दोन होतात, नव्या घराला नंबर मिळतो (तो त्या त्या बरोच्या, म्हणजे शहराच्या पाच मोठ्या भागांपैकी एकाच्या, प्रेसिडेंटचं ऑफिस देतं, पोस्ट खातं नाही). साधी अपार्टमेंट बिल्डिंग काँडो (प्रत्येक फ्लॅट वेगळ्या मालकीचा) झाली की प्रत्येक युनिटला 1001 पासून पुढचा वेगळा लॉट (प्लॉटचा) नंबर आणि सगळ्यांचा मिळून 7501 पासून पुढचा एक बिलिंग लॉट. दार तेच, रस्ता तोच, पण सिटीच्या दफ्तरी ती प्रॉपर्टी आता वेगळीच. आणि बांधकाम काही रिलीजची वाट बघत थांबत नाही, म्हणून नव्या आणि पाडायच्या बिल्डिंगांची माहिती टीपॅड नावाच्या फायलीतून कामाच्या दिवशी रोज जोडली जाते. म्हणजे तीन महिने हे जास्त वेळा नाही, उलट तेवढ्यानंही भागत नाही. शिवाय सर्व्हिस नुसता पत्ता देत नाही, कौन्सिल डिस्ट्रिक्ट (नगरसेवकाचा मतदारसंघ), सेन्सस ट्रॅक्ट (जनगणनेचा छोटा विभाग), पोलीस प्रीसिंक्ट (पोलीस ठाण्याची हद्द) असलं बरंच काही देते. 2020 च्या जनगणनेनंतर सिटीच्या 51 कौन्सिल डिस्ट्रिक्टच्या हद्दी नव्याने आखल्या आणि 2023 ची निवडणूक त्यावर झाली. ज्यांनी डिस्ट्रिक्टचा जुना नंबर एकदा डेटाबेसमध्ये टाकून विषय संपवला त्यांच्या अॅपवर काही लोकांना भलताच कौन्सिल मेंबर दिसणार.

"गूगल आहे ना." हा मुद्दा सगळ्यात जास्त लाइक खातोय आणि मला वाटतं सगळी गडबड इथेच आहे. गूगल सांगतं जागा कुठे आहे. सिटीला हवं असतं ही प्रॉपर्टी कुठली. तिथे बीबीएल (बरो-ब्लॉक-लॉट) नावाचा दहा आकडी नंबर असतो, पहिला आकडा बरोचा (मॅनहॅटन 1, ब्रॉन्क्स 2, ब्रुकलिन 3, क्वीन्स 4, स्टेटन आयलंड 5), पुढचे पाच ब्लॉकचे, शेवटचे चार लॉटचे. आपल्याकडे मुंबईत सीटीएस नंबर असतो ना, साधारण तसं काम. बिल्डिंगला वेगळा सात आकडी बिन (बिल्डिंग आयडेंटिफिकेशन) नंबर. खरेदीखतं बघायची तर बीबीएल लागतो, बिल्डिंग खात्याच्या तक्रारी आणि परवाने बघायचे तर बिन. गूगल यातलं काही देत नाही.

मग कोणीतरी हुशारी करतो, गूगलकडून लॅट-लाँग (अक्षांश-रेखांश) घेऊ आणि लॉटच्या नकाशावर टाकून बघू कुठल्या तुकड्यात पडतो. करा. मॅनहॅटनमधला जुना ठरलेला लॉट 25 फूट रुंद, पिन थोडी सरकली की तुम्ही शेजाऱ्याच्या घरात, आणि पिन रस्त्यावर पडली तर कुणाच्याच घरात नाही. वर गूगलच्या अटींप्रमाणे लॅट-लाँग 30 दिवसांपेक्षा जास्त साठवून ठेवता येत नाही, सिटीच्या सर्व्हिसचं उत्तर आपल्या टेबलात खुशाल ठेवा.

क्वीन्सचं तर विचारूच नका. तिथे 60 नंबरचा अॅव्हेन्यू, रोड, ड्राइव्ह एका दिशेला आणि 60 नंबरचा स्ट्रीट, प्लेस, लेन दुसऱ्या दिशेला, वर घरनंबरात मधे डॅश. पार्क अॅव्हेन्यू मॅनहॅटनमध्ये आहे, ब्रुकलिनमध्ये आहे, ब्रॉन्क्समध्येही आहे, म्हणून सर्व्हिस बरो किंवा झिप (तिकडचा पिनकोड) मागते तर लोक चिडतात. मार्बल हिल नावाचा भाग आणखी मजेशीर, कालवा खणला आणि नंतर जुनी खाडी बुजवली त्यामुळे जमिनीने ब्रॉन्क्सला चिकटलंय, झिपही ब्रॉन्क्सचा, पण कायद्याने मॅनहॅटन. हे स्थानिक शहाणपण जिओसपोर्टमध्ये भरलेलं आहे.

"जुनाट आहे." आहे की. मेनफ्रेमच्या (जुन्या अवाढव्य कॉम्प्युटरांच्या) काळातलं डिझाइन, ठराविक रुंदीचे रकाने, 1ए, 1बी, बीएल, बीएन असली फंक्शनची नावं, एंजिन सिटी प्लॅनिंग खात्याचं. पण जिओक्लायंट म्हणजे त्यावरचा साधा रेस्ट एपीआय (वेबवरून प्रोग्रामने विचारायचं दार) आहे, उत्तर जेसन या सोप्या साच्यात मिळतं, सोर्स गिटहबवर उघडा आहे, वाटलं तर स्वतःच्या सर्व्हरवर चालवा. जुनं आहे म्हणून चुकीचं असं कुठे असतं?

"अपडेटने कोड मोडतो." हे मान्य, निदान अर्धं. सर्व्हिस वापरायला ओळखीची किल्ली लागते; पूर्वी अॅप आयडी आणि अॅप की यूआरएलमध्ये टाकायचो, नव्या पोर्टलवर सबस्क्रिप्शन की हेडरमध्ये द्यावी लागते, आणि ज्यांनी बदललं नाही त्यांची बोंब झाली. तो त्रास खरा. पण तो दारावरच्या कुलपाचा बदल, दर तीन महिन्यांच्या डेटाशी त्याचा संबंध नाही, आणि मेसेजवाल्याने दोन्ही एकाच पोत्यात भरलेत.

डेटा रिलीजनंतर जे "मोडतं" ते बहुतेक वेळा आधीपासूनच कच्चं असतं. पत्ता विचारला की उत्तरात रिटर्न कोड (जमलं की नाही सांगणारे आकडे, 00 म्हणजे जमलं) दोन येतात, पहिला रस्त्याच्या बाजूचा, दुसरा प्रॉपर्टीचा. पुष्कळ जण पहिला 00 बघतात आणि पुढे जातात. पहिला 00 म्हणजे एवढंच की त्या ब्लॉकवर हा नंबर बसू शकतो, तिथे तशी बिल्डिंग आहेच असं नाही, ते दुसरा कोड सांगतो. मग एखाद्या रिलीजमध्ये पाडलेली बिल्डिंग यादीतून गेली की बीबीएल रिकामा येतो आणि यांचा प्रोग्राम झोपतो. तसंच 1000000 असा बिन आला तर तो खरा नंबर नाही, मॅनहॅटनमध्ये ज्याला अजून बिन नाही त्याची ती भरताड आहे, त्यावर जॉइन मारलात (दोन टेबलं जोडलीत) तर भलभलत्या जागा एका ओळीत येतील. दुसरा कोड वाचा, शून्यवाले बिन गाळा, आणि कुठल्या रिलीजमधून उत्तर आलं ते शेजारच्या कॉलममध्ये लिहून ठेवा, मग नवीन रिलीज आल्यावर काय बदललं ते एका क्वेरीत दिसतं.