शिक्क्यावरचा शिक्का

इंदूरच्या सराफ्यात दिवसा चांदी तोलतात आणि रात्री भुट्ट्याचा कीस. काउंटरमार्कवाल्या माणसाने खरं तर रात्रीच जावं, निदान पोट तरी भरतं.

काउंटरमार्क म्हणजे चलनातल्या नाण्यावर मागाहून ठोकलेला दुसरा शिक्का. 1797 मध्ये इंग्लंडात चांदीची टंचाई झाली, तेव्हा तिथल्या बँकेने स्पेनचे डॉलर घेतले आणि स्पेनच्या राजाच्या मानेवर आपल्या तिसऱ्या जॉर्जचं हरभऱ्याएवढं डोकं ठोकून चालवले. भामट्यांनी लगोलग तसाच ठसा कोरला. म्हणून 1804 मध्ये अष्टकोनी चौकटीतलं मोठं डोकं आलं. त्याचीही नक्कल झाली, हे सांगायला नकोच.

आपल्याकडे राणीछाप रुपयावर चांदणी, टिंब, फुली दिसली की विकणारा आवाज खाली आणतो, "साहब, होलकर दरबार की मोहर है." बहुतेक वेळा ती सराफाची खूण असते: आत चांदीच आहे ना, हे बघायला ठोकलेली. पण "सराफाने टोचलं" म्हटलं की भाव पडतो, म्हणून दरबार.

आपण फक्त नाणं उलटं करायचं. खऱ्या ठोक्याखाली मागची बाजू त्याच जागी किंचित चपटी होते आणि शिक्क्याच्या कडेला धातू उचलला जातो. साच्यात ओतलेल्या नकलेत खूण नाण्याबरोबरच ओतलेली असल्याने सहसा मागे दबलेलं दिसत नाही, वर बारीक पुटकुळ्या येतात. रुपया झिजून गुळगुळीत आणि खूण मात्र धारदार असेल, तर ती नाण्याच्या मानाने बरीच अलीकडची. टॉर्च वरून मारू नये, आडवा धरावा. सावलीतच अक्षरं वाचता येतात.

मग वजन. राणीछाप रुपया 11.66 ग्रॅमचा, झिजला की थोडा कमी. शंका असेल तर 0.01 ग्रॅमचा काटा घ्यावा, त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात असं सोडावं की तळाला टेकणार नाही. काट्याने साधारण 1.13 दाखवलं तर चांदी ठीक. 1.3 च्या पुढे गेलं तर निकेल किंवा पितळ. हा प्रयोग दुकानात करू नये, पुढच्या वेळी चहा मिळत नाही. चिंचेने घासून चकाकवणंही नको. खुणेतला जुना काळेपणा हाच तर तिच्या वयाचा पुरावा असतो.

1818 सालचा रामदरबाराचा 'कंपनीचा आणा' दाखवला, तर हात जोडून पुढे निघावं. दर्शन झालं, खरेदी नको. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. दैवी शक्तीने तांदूळ ओढतं म्हणून तांब्याचं नाणं दाखवणाऱ्या ठगाला तर तांदळासकट टाळावं.

टोकनचं निराळंच. पितळेची चकती, भोक, 417 आकडा आणि एवढंच. गिरणीतल्या कामगाराचा बिल्ला, उपाहारगृहाचा, की एखाद्या लॉकरच्या किल्लीचा? भोकाची एकच कड घासलेली असेल तर वर्षानुवर्षं कडीत लटकलेला, म्हणजे बहुधा किल्ली. सगळीकडून सारखी झीज असेल तर हातोहात फिरलेला, म्हणजे उपाहारगृह. मागे आद्याक्षरं असतील तर जुन्या गिरण्यांच्या याद्या चाळायच्या. नसतील तर झिजेवरून जे वाटतं ते चकती ठेवायच्या पाकिटावर 'बहुधा' लावून लिहायचं, तेही पेन्सिलने.