पाच वर्षांत सगळं शेरशाहनेच केलं?

शेरशाह सूरीवरचा एक मजकूर दर दोन-चार महिन्यांनी फिरत फिरत माझ्या फोनवर येतो. शब्द थोडे बदलतात, गाभा तोच: "राज्य केलं फक्त पाच वर्षं. ग्रँड ट्रंक रोड बांधला, रुपया शोधला, टपाल सुरू केली, शेतकऱ्याला सातबारा दिला. मोगलांनी सगळं चोरून स्वतःचं नाव लावलं." सोबत सासारामच्या तळ्यातल्या त्याच्या मकबऱ्याचा फोटो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा माझा भाचाही हे असंच पाठ करतो, म्हणून हा खटाटोप. माणूस मोठा होता याबद्दल वाद नाही. पण त्याचं मोठेपण या यादीत सापडत नाही.

रस्त्यापासून सुरुवात करू. गंगेच्या खोऱ्यातून वायव्येला जाणारा उत्तरापथ मौर्यांच्या काळातही वाहता होता. पाटलीपुत्राकडे येणाऱ्या राजमार्गाचा उल्लेख मेगॅस्थेनीसच्या वृत्तांतावरून आलेला आहे. ग्रँड ट्रंक रोड हे नाव इंग्रजांचं आणि खडी घालून पक्की सडक करण्याचं कामही एकोणिसाव्या शतकातलं. फोटोंत दिसणारे कोसमिनार, म्हणजे वाटेवर अंतर दाखवणारे मनोरे, बहुतेक अकबर-जहांगीर यांच्या काळातले. मग शेरशाहने काय केलं? सोनारगाव ते सिंधू, आग्रा ते बुऱ्हाणपूर, आग्र्याहून जोधपूर-चितोड आणि लाहोर ते मुलतान या वाटांवर सराया, म्हणजे प्रवाशांच्या मुक्कामाच्या जागा, उभ्या केल्या, झाडं लावली, विहिरी खणल्या. हिंदू प्रवाशांसाठी पाण्याची आणि स्वयंपाकाची वेगळी सोय ठेवली.

त्याने 1,700 सराया बांधल्या, असंही सांगितलं जातं. हा आकडा मात्र जरा हातात घेऊन बघा. तो येतो अब्बास खान सरवानीच्या 'तारीख-ए-शेरशाही'तून. हा लेखक अफगाण, सूर घराण्याशी सोयरीक असलेला, आणि लिहितोय शेरशाहच्या मृत्यूनंतर पस्तीसेक वर्षांनी. हुमायूनला हरवून तख्त मिळवलं ती कनौजची लढाई मे 1540 मधली, कालिंजरच्या वेढ्यात दारूगोळ्याचा भडका उडून तो गेला मे 1545 मध्ये. म्हणजे जेमतेम अठराशे दिवस. दिवसाला जवळपास एक सराई! शिवाय दर दोन कोसांवर एक असं सरवानीच सांगतो. त्या हिशेबाने 3,400 कोस रस्ता लागेल. कोस तीन किलोमीटरचा धरला तरी दहा हजार किलोमीटर. वरचे सगळे रस्ते जोडले तरी निम्म्याच्या आसपास भरतात. सराया होत्या, भरपूर होत्या. पण हा आकडा कौतुकाचा आहे, मोजणीचा नाही.

रुपयाबद्दल थोडक्यात. 'रूप्य' हा शब्द पाणिनीच्या सूत्रात आहे, ठसा मारलेल्या नाण्याच्या अर्थाने. चांदीचा टंका इल्तुतमिशच्या काळापासून साधारण 11 ग्रॅमचा होता. लोदींच्या काळात तांब्याच्या भेसळीची नाणी बोकाळली होती. शेरशाहने साडेअकरा ग्रॅमच्या आसपासचा शुद्ध चांदीचा रुपया आणि सोबत तांब्याचा दाम असं भरवशाचं चलन दिलं. काही नाण्यांवर नागरीत 'श्री सेर साही' असंही आहे. घसरलेलं नाणं सावरणं हे मला नवं नाणं काढण्यापेक्षा अवघड वाटतं. पण त्याला 'शोध' म्हणत नाहीत.

टपालीचं तर सोपंच आहे. शेरशाहच्या दोनशे वर्षं आधी मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता मुहम्मद तुघलकाच्या डाकेचं वर्णन करतो: घोड्याची वेगळी, पायी धावणाऱ्यांची वेगळी, आणि पायी डाक जास्त वेगवान. सुलतान आपल्या दौलताबादला असताना त्याच्यासाठी गंगेचं पाणी याच पद्धतीने येत असे, असं तो नोंदवतो. शेरशाहने सराईतच डाकेची घोडी बांधली, म्हणजे मुक्काम आणि बातमी एका छपराखाली आणली. ही त्याची खरी करामत.

आता सातबारा. हा शब्द गावनमुना सात आणि बारा यांवरून आला. त्यांचा वंश मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी जमीनमोजणीकडे जातो. शेरशाहचा होता पट्टा, म्हणजे शेतकऱ्याला जमीन आणि सारा लिहून दिलेला कागद, आणि रयतेकडून लिहून घेतलेली कबुलायत. ही कल्पनासुद्धा तख्तावर बसल्यावर सुचलेली नाही. फरीद या मूळ नावाचा तरुण असताना बापाच्या जहागिरीचे परगणे सांभाळताना तो हे करत होता. म्हणजे 'फक्त पाच वर्षं' हेही अर्धंच खरं.

तो उत्पन्नाचा तिसरा हिस्सा घेई, हे सगळे सांगतात. कशाचा तिसरा, हे कुणी सांगत नाही. 'आइन-ए-अकबरी'त त्याचा दरतक्ता आहे. एका बिघ्यात गहू उत्तम जमिनीत 18 मण, मध्यम जमिनीत 12 मण, हलक्या जमिनीत 8 मण 35 शेर. तिन्हींची सरासरी काढायची आणि तिचा तिसरा हिस्सा घ्यायचा: 4 मण 13 शेरांना किंचित कमी. उत्तम जमीनवाल्याला हे चौथाईपेक्षाही हलकं पडतं. हलक्या जमिनीवाल्याचं जवळजवळ निम्मं पीक जातं! वर मोजणीदाराचा जरीबाना आणि वसुलीवाल्याचा मुहासिलाना वेगळा. कोरडवाहूवर पोट असलेल्या घरात हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. मुलतानला मात्र त्याने मोजणीतून वगळून चौथाई लावली. सीमेवर लोक नाराज नकोत, एवढं व्यवहारज्ञान होतं.

आणि मोगलांनी 'चोरलं' म्हणावं, तर हा तक्ता शेरखानाचा, म्हणजे शेरशाहचाच, म्हणून नावानिशी लिहून ठेवला तो अकबराच्या दरबारातच. पुढे 1580 मध्ये दहा वर्षांच्या पिका-भावांवरून दर ठरवले गेले, ती त्याच कामाची दुरुस्ती होती.

म्हातारीने सोन्याची टोपली डोक्यावर घेऊन खुशाल जावं अशी सुरक्षितता, हेही मजकुरात कधीकधी असतं. तेही सरवानीचंच. त्यामागची यंत्रणाही तोच सांगतो: हद्दीत चोरी झाली आणि चोर मिळाला नाही, तर भरपाई गावच्या मुकद्दमाने द्यायची, खुनी मिळाला नाही, तर मुकद्दमाचा जीव जायचा. आपल्याकडच्या पाटलांनी अशी नोकरी किती दिवस केली असती कोण जाणे.

त्याच पुस्तकात 1543 चा रायसेनच्या किल्ल्याचा प्रसंगही आहे. सुरक्षित जाऊ देण्याचं वचन मिळाल्यावर तिथला राजपूत सरदार पूरणमल किल्ल्याखाली उतरला. मग उलेमांकडून वचन मोडण्याचा फतवा घेण्यात आला आणि छावणीला वेढा पडला. पूरणमलने बायकोला स्वतःच्या हाताने मारलं आणि लढत मेला. मागे राहिलेली त्याची मुलगी शेरशाहने बाजारात नाचवण्यासाठी बाजीगरांना देऊन टाकली. सरवानी हे झाकत नाही. सरायांचा आकडा त्याच्याकडून उचलणारे मजकूर ही पानं मात्र ओलांडून जातात.