"आजच्या पोरांना काही पडलेलं नाही" म्हणणाऱ्यांनो

हे वाक्य यापुढे माझ्यासमोर कुणी बोलू नका. आज डोकं फिरलंय.

भाची कोल्हापुरात बारावीला आहे. पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी तिनं आपल्याच भागातली पूररेषा घेतली. २०१९ ला कुणाच्या घरात पाणी कुठवर आलं, २०२१ ला कुठवर, हे दारोदार विचारत फिरली. लोकांनी भिंतीवरच्या खुणा दाखवल्या, तिनं टेप लावून मोजल्या. निळ्या रेषेच्या, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या आत भराव टाकून झालेली बांधकामंही नोंदवली. मॅडमनी फाईल परत केली. "हा विषय यादीत नाही. प्लास्टिकबंदीवर लिही."

म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रकल्प आणायचा, वर थर्माकोलची अक्षरं चिकटवायची आणि प्लास्टिकच्या कव्हरात घालून द्यायचा. त्याला 'अ' श्रेणी!

२०१९ च्या ऑगस्टमध्ये या पोरीला बोटीतून बाहेर काढलं होतं. पावसाळ्यात ती उठल्या उठल्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघते. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे तिला पाढ्यांसारखं पाठ आहे. तिला हवामान बदल कोण शिकवणार?

हो, मान्य, हीच पोरं कोपऱ्यावर जायलाही गाडी काढतात. पण गाडी घेऊन दिली कुणी?

२०१९ च्याच ऑक्टोबरमध्ये मुंबईत मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं रातोरात पडायला लागली, तेव्हा सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं ते कायद्याच्या विद्यार्थ्यांनी. सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवली. तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती, हे खरंय. पण आपण मोठी माणसं त्या रात्री काय करत होतो?

मॅडमवर तरी किती चिडायचं? वरून यादी येते, तारखेला फाईल मागतात, त्यांच्या डोक्यावर शंभर कामं. भाचीच म्हणाली, "मामा, त्यांनी सगळी फाईल वाचली रे. नकाशाच्या पानावर बराच वेळ थांबल्या होत्या." हे ऐकल्यावर मलाच गलबलून आलं. मग वाचून परत का दिली, बाई?

माझ्या मित्रयादीत शिकवणारे बरेच आहात. पोरांना त्यांच्या गल्लीचा, ओढ्याचा विषय घेऊ द्या. आणि जलसंपदा विभागाचा पूररेषेचा नकाशा नीट वाचता येणारं कुणी असेल तर मला मेसेज करा. लाल रेषेपर्यंतची, म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या पुराच्या हद्दीपर्यंतची घरं तिची अजून मोजायची राहिलीत, आणि ती ते काम सोडायला तयार नाही.