लष्करी ट्रक, हिरवा रंग आणि आरटीओ

‘लष्कराच्या लिलावातला शक्तिमान ट्रक घ्या, घरीच दुरुस्त करा, वाटेल ते इंजिन बसवा, रंग मूळचाच ठेवा. लष्करी गाडीला आरटीओ लागत नाही,’ असा मजकूर फिरतोय. यातलं ‘घरीच दुरुस्त करा’ एवढंच खरं. बाकीचं ऐकून पैसे टाकू नका.

लष्कराकडे असेपर्यंत गाडीला वर रोखलेल्या बाणाचा लष्करी नंबर असतो. विकली की तो संपतो आणि रस्त्यावर आणायची तर साधी नोंदणी लागतेच. त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे नमुना २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र हवं. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्या दलालाला तिथूनच नमस्कार करा.

रंगाचं तर आणखी स्पष्ट आहे. नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. हौस कितीही असो, तो खरवडावाच लागतो. (करडा रंगही वाईट दिसत नाही.)

आता इंजिन. जबलपूरला जर्मन ‘मान’ कंपनीच्या परवान्यावर बनलेल्या या ट्रकचे सुटे भाग शोधताना घाम फुटतो, म्हणून दुसरं इंजिन बसवायचा मोह होतो. पण मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आडवं येतं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी आणि मग आरसीवर नोंद. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. ब्रेक, वायरिंग, गंजलेला पत्रा मात्र खुशाल अंगणात नीट करा.