एसीत बसणाऱ्याचं उत्तर

बालविवाह लावणाऱ्यांची शिक्षा वाढवा, किमान शिक्षा तरी ठेवा, या मागच्या लेखावर 'एक वाचक' यांची कमेंट आलीय. म्हणणं असं, "एसीत बसून शिक्षा वाढवा लिहिणं सोपं असतंय. ऊसतोडीच्या आईबापाला आत टाकून पोरगी कुणाकडं ठेवणार? आहे त्या कायद्यात तरी शिक्षा होतीय का? आधी हंगामी वसतिगृहं नीट चालवा." (म्हणजे आईबाप तोडीला गेले की पोरांना गावात ठेवायची वसतिगृहं.)

सर म्हणू का ताई, नाव टाकलं असतं तर कळलं असतं. हेडिंग जरा भडक होतं, चला, मान्य. पण एसी? केजला आमच्या घरी कूलर हाय, तो पण लाइट असली तर. माझी आई कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायची, कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे झोपडीत वाढलोय मी, बाया पहाटे अंधारात मोळ्या बांधायच्या तवा मागं पाचटात झोपवलेलं लेकरू मीच होतो. तवा 'तुम्हाला काय कळतंय' हा सूर माझ्यापुढं नका लावू राव. विरोध हजारदा करा, पण बोलायची काही रीत असती का नाही?

माझी चुलतबहीण नववीत होती. दसऱ्याआधी मुकादमाकडून, म्हणजे तोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घ्यायची, नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकट्या पोराला अर्धा कोयता धरतेत, जोडी झाली की पूर्ण, म्हणून लग्नाची घाई. पत्रिका नाही, बँड नाही, हळद मामाच्या गावाला. कुणीतरी फोन केला, पोलीस आले, ग्रामसेवक आले, चुलत्यानं हमीपत्र लिहून दिलं की अठरा होईस्तोवर लग्न करणार नाही, सगळे चहा पिऊन गेले. पुढच्याच पंधरवड्यात रात्री वस्तीवर, बोअरच्या मोटरीपाशी, एका बल्बच्या उजेडात अक्षता पडल्या आणि अक्षता टाकायला मुकादम सगळ्यात पुढं. त्याला कशाचं भ्या होतं, सांगा ना.

बालविवाह रोखणाऱ्या 1929 च्या शारदा कायद्यात सुरुवातीला जास्तीत जास्त महिनाभर कैद होती. त्याच्या जागी आलेल्या 2006 च्या कायद्यात जास्तीत जास्त 2 वर्षं आणि 1 लाख दंड, किमान शिक्षा काहीच नाही. आणि आईबापाला आत टाकायचं म्हणताय, तर आईला या कायद्यात तुरुंगवास होतच नाही, तशी सूटच हाय, वाचलाय का कायदा? मी लिहिलं होतं मुकादम, मध्यस्थ, लग्न लावणारा. तुम्ही आईबापच धरून बसलात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात अठराच्या आत लग्न झालेल्या पोरी परभणीत 48 टक्के, बीडात 44 च्या आसपास, अख्ख्या महाराष्ट्रात 22. हे आकडे बघून पण तुम्हाला माझा एसीच दिसतोय.

वसतिगृहांवर वेगळा लेख लिहीन कधीतरी. शिक्षा होतीय का, ते पोलिसांना विचारा, मी काय ठाणेदार हाय?

कमेंट डिलीट करणार नाही, राहू द्या. पुढच्या वेळी मात्र नाव टाका, नाहीतर अप्रूव्ह होणार नाही.